पारपत्रांतील मातापित्यांचा रकाना

१. जुन्या दफ्तरांतील राहदारीचीं दस्तकें ज्यांनीं हाताळिलीं आहेत, त्यांस आजच्या काळचें दस्तक म्हणजे पारपत्र हें निराळें सांगावयास नको. व्यवहारांत मात्र त्यास पारपत्र कोणी म्हणत नाहीं. पासपोर्ट हाच शब्द सर्वतोमुखीं झाला आहे. जुन्या कागदांत 'पारपत्य' असा एक शब्द येतो; परंतु त्याचा अर्थ बंदोबस्त, निकाल अथवा शासन असा असून या शब्दाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. तथापि पहिलें पारपत्र काढावयास गेलेल्या कित्येकांचें कचेरीच्या दारांत पारपत्यच होतें, असें आमच्या पाहण्यांत आलें आहे. तें बहुधा ज्या एका रकान्यापाशीं होतें, त्याचा इतिहास येथें थोडक्यांत मांडण्याचा विचार आहे. तो रकाना म्हणजे अर्जदाराच्या मातापित्यांच्या नांवाचा.

२. हा विषय आमच्यापुढें कसा आला तें प्रथम सांगितलें पाहिजे. गेल्या वर्षीं आमचा एक जुना विद्यार्थी कागदांची पिशवी घेऊन घरीं आला. नागपुरांतील एका अनाथगृहांत तो वाढला. अदमासें तीन वर्षांचा असतां रेल्वेच्या फलाटावर सांपडलेला. पुढें तंत्रशिक्षण पुरें करून त्यानें परदेशांत नोकरी मिळविली, आणि जन्मांत पहिल्यानें पासपोर्टासाठीं अर्ज केला. प्राथमिक शाळेच्या दाखल्यावर पित्याचें नांव एक, माध्यमिक शाळेच्या दाखल्यावर दुसरें, आणि आईचें नांव कोठेंच नाहीं. अर्ज परत आला. कचेरीबाहेरच्या एका दलालानें सल्ला दिला कीं, दोहोंपैकीं कोणतेंही एक नांव पक्कें धरून प्रतिज्ञापत्र करा, म्हणजे काम झालें. दोन्ही दाखले आमच्यापुढें ठेवून तो म्हणाला, "सर, तुम्ही जुन्या कागदांचें खरेंखोटें पाहतां. यांतला माझा बाप कोणता, तेवढें सांगा."

कागदाचा काळ, अक्षराचें वळण, शिक्क्याचा खरेखोटेपणा यांविषयीं आम्हांस आजवर पुष्कळांनीं विचारिलें. असा प्रश्न कोणीं विचारिला नव्हता. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं, हा रकाना प्रवासाच्या कागदांत आला कोठून, हें पाहणें आम्हांस अवश्य वाटलें.

३. प्रवासास अनुज्ञापत्र लागावें ही गोष्ट आपल्याकडे नवी नाहीं. महाभारताच्या वनपर्वांत शाल्वानें द्वारकेवर स्वारी केली त्या प्रसंगीं, मुद्रेवांचून कोणास नगराबाहेर जाऊं दिलें जात नव्हतें व आंत येऊं दिलें जात नव्हतें, असें वर्णन आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत तर मुद्राध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारीच सांगितला आहे. त्यानें एक माषक घेऊन मुद्रा द्यावी. मुद्रा जवळ असणारासच जनपदांत येतां-जातां यावें. मुद्रेवांचून सांपडलेल्या जनपदवासी मनुष्यास बारा पण दंड करावा. मुद्रा खोटी निघाल्यास पूर्वसाहस दंड, आणि तोच अपराध परदेशस्थाकडून घडल्यास उत्तमसाहस दंड. मुद्रा तपासण्याचें काम विवीताध्यक्षाकडे. शुल्क किती, दंड किती, तपासणार कोण, हें सर्व बारकाईनें सांगणारा ग्रंथकार, मुद्रा मागणाराचा बाप कोण हें विचारावयास मात्र सांगत नाहीं. मुद्रा ही देणाराच्या अधिकाराची खूण होती; घेणाराच्या कुळाची नव्हती.

४. कुळाचा प्रश्न जेथें विचारला जाई तीं स्थळें निराळीं. गुरूचें घर, रणांगण, आणि वारसाचा वाद. या तिहींचीं उदाहरणें वाचकांस विदितच आहेत. परंतु प्रस्तुत दृष्टीनें तीं पुन्हां पाहण्याजोगीं आहेत.

छांदोग्य उपनिषदांत सत्यकाम आपल्या आईस आपलें गोत्र विचारतो. ती सांगते कीं, तरुणपणीं पुष्कळ ठिकाणीं सेवा करीत फिरत असतां तूं मला झालास. तुझें गोत्र मला ठाऊक नाहीं. माझें नांव जबाला, तुझें सत्यकाम, तर तूं आपणांस सत्यकाम जाबाल म्हणव. हारिद्रुमत गौतमानें गोत्र विचारतांच मुलानें आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले. आणि गौतमानें, तूं सत्यापासून ढळला नाहींस, समिधा घेऊन ये, असें म्हणून त्याचा स्वीकार केला. गोत्राचा रकाना येथें रिकामा राहिला नाहीं. जें ठाऊक होतें तें, म्हणजे आईचें नांव, त्यांत लिहिलें गेलें. जें ठाऊक नव्हतें तें बनविलें गेलें नाहीं.

आदिपर्वांतील शस्त्रपरीक्षेचा प्रसंग याच्या उलट. अर्जुनाशीं द्वंद्व मागणाऱ्या कर्णास कृपाचार्यांनीं माता, पिता आणि कुळ विचारलें, तेव्हां त्याची मान खालीं गेली. दुर्योधनानें तेथल्या तेथें त्यास अंगदेशाचा अभिषेक केला, परंतु त्यानें प्रश्नाचें उत्तर मिळालें नाहीं. पुढच्याच क्षणीं अधिरथ सूत काठी टेकीत आला, आणि अभिषेकजलानें भिजलेलें मस्तक कर्णानें त्याच्या पायांवर ठेविलें. ज्यानें वाढविलें तोच पिता, असें सर्व सभेसमक्ष सांगण्यासारखेंच हें होतें. सभेनें मात्र त्याचा उपहास केला.

तिसरें स्थळ धर्मशास्त्राचें. मनूनें नवव्या अध्यायांत बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत. त्यांत ज्याचा जनक कोण हें कळत नाहीं तो गूढोत्पन्न. आईबापांनीं टाकलेलें मूल ज्यानें उचलून आपलें केलें, त्याचा तो अपविद्ध पुत्र. आणि आईबाप गमावलेला, किंवा त्यांनीं अकारण टाकलेला, जो आपण होऊन दुसऱ्याचा पुत्र होतो तो स्वयंदत्त. यांपैकीं पहिल्या दोघांची गणना मनूनें दायाद पुत्रांत केली आहे. स्वयंदत्त बांधव मात्र, दायाद नव्हे. तपशिलाविषयीं स्मृतिकारांत मतभेद आहेत. आमचें म्हणणें इतकेंच कीं, आईबाप ठाऊक नसलेल्या मनुष्यास शास्त्रांत नांव होतें, स्थान होतें, आणि त्याचा संबंध 'कोणापासून झाला' यापेक्षां 'कोणीं स्वीकारला' यावरून ठरे.

५. मराठी अमदानींतील राहदारीचें दस्तक हें त्या जुन्या मुद्रेच्याच वळणाचें. वाटेवरील कमाविसदार, ठाणेदार, चौकीदार, जकातदार यांस उद्देशून तें लिहिलेलें असे. जाणारा कोणाचा चाकर किंवा कोठला राहणारा, बरोबर माणसें किती, घोडीं-बैल किती, माल कोणता, कोठून निघून कोठें जावयाचें, आणि त्यास मुजाहीम न होतां जाऊं द्यावें, इतका मजकूर. एका दस्तकांत पुष्कळदा सबंध मेळा येई. दस्तकधारकाची ओळख 'अमक्याचा मुलगा' अशी पटविण्याची चौकीदारास गरज नसे. 'अमक्याकडील' एवढें पुरे. शिक्का ज्याचा, जबाबदारी त्याची.

बापाचें नांव, जात, ठिकाण आणि अंगावरच्या खुणा हीं सर्व एकत्र ज्या कागदांत येत, तो कागद वाटसरूचा नसून शिपायाचा होता. मोगल फौजेंत प्रत्येक स्वाराची 'चेहरा' नांवाची नोंद होई. तींत त्याचें व बापाचें नांव, जात, मूळ ठिकाण, वर्ण, डोळे, नाक, व्रण, तीळ असा तपशील असे. मराठींतील 'चेहरेपट्टी' हा शब्द याच पद्धतीची आठवण आहे. या नोंदीचा हेतु स्वाराचा मान राखण्याचा नव्हता. एकाच्या जागीं दुसरा उभा करून पगार उचलला जाऊं नये यासाठीं ती होती. अर्थात् पितृनामाचा रकाना दफ्तरांत शिरला तो विश्वासाच्या मार्गानें नव्हे. अविश्वासाच्या मार्गानें शिरला.

६. शिपायाच्या नोंदींतून हा रकाना प्रवासाच्या कागदांत उतरला तो गिरमिटाच्या काळांत. इ. स. १८३४ पासून मॉरिशस बेटांत ऊंसाच्या मळ्यांसाठीं हिंदी मजूर जाऊं लागले. मुंबई बंदरांतून गेलेल्यांत रत्नागिरी, सातारा या बाजूचे मराठी लोक होते, आणि त्यांचे वंशज आजही तेथें मराठी म्हणवितात. कलकत्त्याहून त्रिनिदाद, गियाना, सुरिनाम, फिजी इकडे गेलेल्यांत आमच्या मध्य प्रांतांतील माणसेंही होतीं. प्रत्येकास एक छापील पास मिळे. त्यावर मजुराचें नांव, बापाचें नांव, वय, जात, जिल्हा, ठाणें, गांव, अंगावरील खूण, जवळचा नातलग, असे रकाने असत. कारकुनास बोली कळत नसे, मजुरास अक्षर कळत नसे. ऐकूं आलें तसें लिहिलें जाई. कित्येकांनीं घर सोडतांना नांवही मागेंच सोडलें असेल. तरीही आज तेथील कुटुंबांस आपलें गांव शोधावयाचें तर हाच एक कागद हातीं आहे. मॉरिशसमधील मोका येथें महात्मा गांधी संस्थेंत अशा नोंदींचें दफ्तर जपलेलें आहे.

या दफ्तराचें मोल अलीकडे वाढलें आहे. परदेशस्थ भारतीय वंशाच्या लोकांस जें विशेष नागरिकत्वपत्र भारत सरकार देतें, तें सामान्यतः चौथ्या पिढीपर्यंत मिळतें. सुरिनाममधील लोकांस सहाव्या पिढीपर्यंत ही सवलत देण्याची घोषणा २०२३ सालीं, आणि मॉरिशसमधील लोकांस सातव्या पिढीपर्यंत देण्याची घोषणा २०२४ सालीं झाली. म्हणजे एका कारकुनानें घाईनें खरडलेल्या बापाच्या नांवावर सातव्या पिढीचा हक्क उभा राहतो. सातारच्या वतनदाराच्या सनदेस जें महत्त्व, तेंच या पासास आलें.

७. सुस्थितींतील लोकांस मात्र त्या काळीं असा कागद लागत नसे. डॉ. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, त्याच सालीं पंडिता रमाबाई इंग्लंडास गेल्या. तेव्हां त्या देशांत उतरण्यास पासपोर्टाची सक्ति नव्हती. सक्ति आली ती पहिल्या महायुद्धांत. युद्ध संपल्यावर ती उठेल असें पुष्कळांस वाटलें होतें, उलट इ. स. १९२० मध्यें पॅरिस येथील परिषदेंत पासपोर्टाच्या पुस्तिकेचें रूप ठरविण्यांत आलें. बत्तीस पानें ही संख्या तेव्हांची. त्याच सालीं हिंदुस्थानांत येणारांस पासपोर्ट आवश्यक करणारा कायदा झाला, आणि तो पुढें शतकाहून अधिक काळ चालला. २०२५ सालच्या नव्या कायद्यानें तो रद्द झाला. इ. स. १९२२ मध्यें देश गमावलेल्या रशियन निर्वासितांसाठीं नान्सेन यांच्या नांवानें प्रवासपत्रें निघालीं. ज्यास स्वतःचें राज्यच उरलें नाहीं, त्याच्याविषयीं राष्ट्रसंघाच्या अधिकाऱ्याच्या पुढाकारानें हमीचा कागद निघावा, हें जुन्या दस्तकाचेंच तत्त्व होय.

स्वतंत्र भारतांत पासपोर्ट देणें न देणें प्रथम सरकारच्या मर्जीवर असे. एप्रिल १९६७ मध्यें सतवंतसिंग साहनी यांच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें, परदेशगमन हा घटनेच्या २१ व्या कलमांतील वैयक्तिक स्वातंत्र्याचा भाग आहे असा निर्णय दिला, आणि त्याच सालीं पासपोर्ट कायदा झाला. त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणें पासपोर्ट मिळविण्यासाठीं जाणूनबुजून खोटी माहिती देणारास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. दलालाचा सल्ला किती महाग पडला असता हें यावरून दिसेल.

८. आईबापांच्या रकान्यास खरें वजन आलें तें मात्र नागरिकत्वाच्या कायद्यांतील फेरबदलांमुळें. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतांत जन्मलेला मनुष्य, राजदूतांचीं मुलें इत्यादि अपवाद सोडून, केवळ येथें जन्मल्यानें नागरिक ठरतो. आईबाप कोण हा प्रश्न येत नाहीं. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यांच्या बाबतींत आईबापांपैकीं निदान एक भारतीय नागरिक असावा लागतो. ३ डिसेंबर २००४ पासून तर दोघेही नागरिक, किंवा एक नागरिक व दुसरा बेकायदा आलेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे आजोबांच्या पिढीस भूमि पुरत होती, नातवाच्या पिढीस रक्ताचा दाखला पाहिजे. जो रकाना एके काळीं केवळ ओळखीपुरता होता, तो आतां मूळ झाला. आणि रिकाम्या रकान्याची अर्जदारास व कारकुनास सारखीच भीति वाटूं लागली.

जन्मतारखेचेंही तसेंच. २६ जानेवारी १९८९ रोजीं अथवा नंतर जन्मलेल्यांस जन्मदाखल्यावांचून पासपोर्ट मिळत नसे. फलाटावर सांपडलेल्या मुलानें तो कोठून आणावा?

९. या कोंडींतून वाट न्यायालयांनीं काढली. ६ जुलै २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, अविवाहित मातेस मुलाचें पालकत्व मागतांना पित्याचें नांव उघड करण्याची सक्ति करतां येत नाहीं, आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर मुलाचा जन्मदाखला द्यावा, असें सांगितलें. मे २०१६ मध्यें दिल्लीच्या उच्च न्यायालयानें एकट्या मातेच्या नांवावर मुलीस पासपोर्ट देण्याचा आदेश दिला. जुलै २०२२ मध्यें केरळच्या उच्च न्यायालयानें अविवाहित मातेच्या मुलाच्या कागदांत केवळ आईचें नांव ठेवण्यास अनुज्ञा देतांना कर्णाची आठवण काढली, आणि असा अपमान सोसणारा कर्ण समाजांत पुन्हां होऊं नये असा अभिप्राय व्यक्त केला. कृपाचार्यांच्या प्रश्नास इतक्या शतकांनीं मिळालेलें हें उत्तर संस्कृताच्या अभ्यासकानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

२३ डिसेंबर २०१६ रोजीं परराष्ट्र खात्यानें नियम सैल केले. अर्जांत आई, बाप किंवा कायदेशीर पालक यांपैकीं एकाचें नांव पुरे झालें. जन्मदाखल्याऐवजीं शाळेचा दाखला, आधारपत्र, मतदारपत्र, वाहन चालविण्याचा परवाना, विम्याचा करारपत्र इत्यादि कागद चालूं लागले. जोडावयाच्या नमुन्यांची संख्या पंधरावरून नऊ झाली, आणि ते साध्या कागदावर स्वतःच्या सहीनें देतां येऊं लागले. अनाथगृहांतील ज्या मुलाजवळ जन्मतारखेचा पुरावा नाहीं, त्याच्यासाठीं संस्थेच्या प्रमुखानें संस्थेच्या कागदावर लिहून दिलेलें निवेदन ग्राह्य झालें. साधु-संन्याशांस आईबापांच्या जागीं गुरूचें नांव लिहिण्याची मुभा मिळाली. मात्र एखाद्या सरकारी कागदावर तें नांव तसें आधीं नोंदलेलें पाहिजे. संन्यास घेतांना पूर्वाश्रमीचें गोत्र सुटतें आणि गुरुपरंपरा हाच वंश होतो, ही शास्त्रांतील समजूत सरकारी नमुन्यांत अशा रीतीनें प्रविष्ट झाली. सत्यकामास गौतमानें घेतलें, त्याचाच हा कचेरींतील प्रतिध्वनि.

सूक्ष्म दृष्टीनें पाहिल्यास या सर्व सवलतींचें तत्त्व एकच आहे. ज्याचें जन्ममूळ ठाऊक नाहीं त्याच्याविषयीं, त्यास ओळखणाऱ्या आणि जबाबदारी घेणाऱ्या मनुष्याची साक्ष घ्यावयाची. पोलिसांची चौकशी होते तेव्हांही शिपाई शेजाऱ्यांस हेंच विचारतो, हा येथें राहतो काय, आणि कसा मनुष्य आहे. मुद्राध्यक्ष आणि दस्तक देणारा कारभारी ज्या पायावर उभे होते, तेथेंच कायदा फिरून आला आहे. परंतु साक्ष खरी असेल तरच हा पाया टिकतो, आणि साक्ष टिकते ती कागदावर.

१०. विदर्भांत या तत्त्वाचें एक थोर उदाहरण सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. अमरावती जिल्ह्यांत वझ्झर येथें शंकरबाबा पापळकर यांनीं शंभराहून अधिक अनाथ मुलांस, ज्यांत मतिमंद, मूकबधिर व अंध मुलें आहेत, आश्रय देऊन आपलें नांव दिलें. २०२४ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्याच सालीं त्यांच्या आश्रमांत वाढलेली एक अंध मुलगी राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. मनूचा अपविद्ध पुत्र तो हाच. येथें बापाचें नांव बनावट नाहीं. तें उघडपणें, जाणून, जबाबदारीसह दिलेलें आहे. दलालाच्या प्रतिज्ञापत्रांतील बाप आणि हा बाप यांतील भेद कागदाच्या अभ्यासकास समजावून सांगणें नको.

महाराष्ट्र सरकारनें २ एप्रिल २०१८ च्या निर्णयानें अनाथांस शिक्षणांत व नोकरींत एक टक्का जागा राखून ठेविल्या. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांत मुलाचें नांव, मग आईचें, मग बापाचें आणि शेवटीं आडनांव, असा क्रम लावण्यांत आला. जबालेस हें ऐकून समाधान वाटलें असतें.

११. आतां साधनांविषयीं. आईबापांची माहिती अपुरी असणारे सर्वच अनाथ नसतात. कित्येकांस बापाचें नांव ठाऊक आहे, परंतु त्याचा जन्म कोठें झाला, आईचें माहेरचें नांव काय, हें सांगणारें घरांत कोणी उरलेलें नाहीं. अशांसाठीं आमच्या प्रांतांत एक अमोल साधन आहे. तें म्हणजे कोतवाल बुक. जुन्या मध्य प्रांतांत गांवचा कोतवाल जन्ममृत्यूची वर्दी पोलिस ठाण्यांत देई, आणि त्याच्या वहींत नोंद होई. या नोंदींत पुष्कळदा बापाचें नांव, जात आणि तारीख असते, परंतु मुलाचें नांव नसते. 'अमक्यास मुलगा झाला' एवढेंच. जातीच्या दाखल्यासाठीं या वह्यांच्या नकला आज लोक तहसिलींतून मागून नेतात. याखेरीज शाळांचीं दाखल-खारीज पुस्तकें आणि त्र्यंबक, नाशिक, प्रयाग येथील क्षेत्रोपाध्यांच्या वह्या यांतूनही आजा-पणज्यांचीं नांवें निघतात. क्षेत्रोपाध्यांची वही कचेरींत पुरावा म्हणून चालेलच असें नव्हे. परंतु कोणत्या गांवची कोतवाल वही पाहावी, हें ती पुष्कळदा सांगते.

टाकलेल्या अर्भकाविषयींही कायदा मुका नाहीं, हें थोड्यांस ठाऊक आहे. १९६९ सालच्या जन्ममृत्यु नोंदणी कायद्याच्या ८ व्या कलमांत, सार्वजनिक ठिकाणीं नवजात मूल सांपडल्यास त्याच्या जन्माची वर्दी गांवांत गांवच्या मुख्यानें व इतरत्र पोलिस ठाण्याच्या अधिकाऱ्यानें द्यावी, असें सांगितलें आहे. ही वर्दी यापुढें फार महत्त्वाची होणार आहे. कारण २०२५ च्या नियमाप्रमाणें १ ऑक्टोबर २०२३ रोजीं अथवा नंतर जन्मलेल्यांस पासपोर्टासाठीं जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच द्यावा लागतो. आज जी वर्दी लिहिली जाणार नाहीं, तिच्यावांचून वीस वर्षांनीं कोणाचें तरी अडेल.

१२. आतां आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊं. कोणताही वादग्रस्त लेख हातीं आला म्हणजे नकलेवरून अस्सलाकडे जावें, हा आपला नियम. त्याप्रमाणें आम्ही प्राथमिक शाळेंत जाऊन दाखल-खारीज पुस्तक पाहिलें. पित्याच्या रकान्यांत एक आडवी रेघ होती. तिच्यावर निराळ्या शाईनें व निराळ्या हातानें एक नांव मागाहून चढविलेलें. तेंच नांव शेजारच्या 'पालक' या रकान्यांत पहिल्या हातानें लिहिलें होतें. चौकशीअंतीं तें मुलास शाळेंत घालावयास आलेल्या अनाथगृहांतील शिक्षकाचें निघालें. दाखला लिहितांना रिकामा रकाना कोणास तरी बोंचला, आणि पालक उचलून पित्याच्या जागीं बसविण्यांत आला. माध्यमिक शाळेंतील दुसरें नांव याच प्रकारें पुढच्या पालकाचें. पोथीच्या समासांतील टीप नकलनविसाच्या हातून मूळ संहितेंत शिरते, तशांतलाच हा प्रकार. कोणाचा हेतु वाईट नव्हता. परंतु दोन उपकारकर्ते मिळून एका मुलाचे दोन बाप झाले, आणि त्याचा मार्ग अडला.

अस्सल लेख मिळाला तो अनाथगृहाच्या आवक-वहींत. मूल आणल्याची तारीख, आणणाऱ्या पोलिस शिपायाचा क्रमांक, डाव्या कोपरावरचा व्रण, अंगावरचा निळा सदरा, अदमासें वय, दोघांच्या सह्या; आणि आईबापांच्या नांवापुढें स्वच्छ अक्षरांत एकच शब्द, 'अज्ञात'. वहीचीं पाठींमागचीं पानें वाळवीनें खाल्लीं होतीं. हें पान वांचलें होतें.

त्यास आम्हीं सांगितलें, "या दोहोंपैकीं तुझा बाप कोणीही नाहीं. परंतु दोघांनींही तुझा हात धरून तुला शाळेच्या पायरीवर आणलें. त्यांचीं नांवें पालकाच्या रकान्यांत होतीं, तींच त्यांची खरी जागा." तो बराच वेळ त्या पानाकडे पाहत होता. नंतर त्यानें विचारिलें तें बापाविषयीं नव्हतें. सदरा निळा होता हें कोणीं लिहिलें, एवढेंच त्यानें विचारिलें.

संस्थेच्या प्रमुखांनीं त्या नोंदीवरून निवेदन लिहून दिलें. दोन्ही शाळांनीं आपले दाखले दुरुस्त केले. अर्ज पुन्हां गेला. पोलिसांच्या चौकशींत शेजाऱ्यांनीं साक्ष दिली, आणि आठव्या आठवड्यांत पासपोर्ट घरीं आला. आश्विनांत तो परदेशीं गेला.

१३. या प्रकरणानें आमची एक चूक आमच्या ध्यानीं आली. बखरी, सनदा, महजर यांच्यासाठीं आम्ही गांवोगांव हिंडलों. परंतु अनाथगृहांच्या आवक-वह्या, बंद पडलेल्या शाळांचीं दाखल-खारीज पुस्तकें, ठाण्यांच्या माळ्यांवरील कोतवाल वह्या यांकडे जुना कागद म्हणून कधीं पाहिलें नाहीं. महाल भागांतील रद्दीच्या दुकानांत अशा वह्या आम्हीं वजनावर विकल्या जातांना पाहिल्या आहेत, आणि त्या ओलांडून पोथी शोधली आहे. सनद हरवली तर इतिहासांतील एक तारीख अनिश्चित राहते. ही वही हरवली तर जिवंत मनुष्याची ओळख अनिश्चित राहते.

म्हणून वाचकांस विनंति कीं, अशी वही कोणाच्या पाहण्यांत आल्यास ती मूळ संस्थेस परत मिळेल अशी व्यवस्था करावी. संस्था उरली नसल्यास जिल्ह्याच्या दफ्तरांत दाखल करावी. आणि तींतील नांवें खासगी असल्यानें तीं कोठेंही छापूं नयेत. ज्या आवक-वहीचा उल्लेख वर केला आहे, तिची वाळवी झाडून, पानें सांधून, नवें वेष्टण घालून ती आम्हीं संस्थेस परत दिली आहे. रिकाम्या जागांत कोणतीही दुरुस्ती केलेली नाहीं.